पाणी एकच, आकडे चार: घरच्या पूलमधलं क्लोरीन मोजताना

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. अलिबागजवळ नागावला प्रश्न विचारणाऱ्यांचं घर आहे. मागच्या अंगणात २४ बाय १२ फुटांचा, सरासरी साडेचार फूट खोल, उघडा पूल. स्वतः पुण्यात राहतात, दोन-तीन आठवड्यांनी जातात. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या तरंगत्या डब्यात घालून ठेवलेल्या असतात. ऑक्टोबरपासून आता मे महिन्यापर्यंत हाच क्रम. गेल्या शनिवार-रविवारी मुलांचे डोळे चुरचुरले, पाण्याला 'क्लोरीनचा' वास येत होता, म्हणून चार ठिकाणी माप घेतलं (आकडे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम). केअरटेकरनं पट्टी बुडवून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, तो १ आणि ३ यांच्या मधला कुठलातरी रंग. जुन्या मालकानं ठेवलेल्या पिवळ्या थेंबांच्या किटवर ३. देखभालीला येणाऱ्या माणसाच्या डिजिटल मीटरवर १.४. आणि बाटलीत पाणी भरून पुण्याला एका दुकानात तपासलं तर ०.४. प्रश्न असा, की खरा आकडा कुठला, आणि क्लोरीन जास्त झालंय की कमी पडतंय?

माझा अंदाज असा, की चारही आकडे आपापल्या जागी बऱ्यापैकी खरे आहेत. एकाच पाण्याला चार वेगळे प्रश्न विचारले गेलेत, एवढंच. आणि क्लोरीन जास्त झालेलं नाही, कामाचं क्लोरीन कमी पडलंय.

पिवळ्या किटपासून सुरू करू, कारण तो आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गावात ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतो, ती 'ओटी टेस्ट'. ओटी म्हणजे ऑर्थोटोल्युडिन. पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पोचली की नाही, एवढं बघायला ती पुरते, तिथे ०.२ असलं तरी चालतं. पूलमध्ये मात्र ती गोंधळ घालते, कारण ती मुक्त क्लोरीन आणि बांधलेलं क्लोरीन असा भेद नीट करत नाही. मुक्त क्लोरीन म्हणजे जे अजून जंतू मारायला मोकळं आहे. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीम यांच्यातल्या नायट्रोजनशी जुळून ज्याचं क्लोरामाइन झालं, ते बांधलेलं. त्याची ताकद अगदीच कमी असते. ओटीचा पिवळा रंग या दोघांची बेरीज दाखवतो. मुक्त क्लोरीन थेंब टाकल्या टाकल्या रंग देतं आणि बांधलेलं हळूहळू, म्हणून एकाच नळीकडे पाच सेकंदांनी आणि पाच मिनिटांनी बघितलं तर दोन आकडे दिसतात. हे रसायन अंगाला चांगलं नाही आणि ते तीव्र आम्लात विरघळवलेलं असतं. तेव्हा किट वापरायचाच असेल तर हात धुवा, आणि नळीतलं पाणी पूलमध्ये परत ओतू नका.

डिजिटल मीटर डीपीडी वापरतो, क्लोरीन लागलं की गुलाबी होणारं रसायन. इंग्लंडच्या पॅलिन यांनी १९५७ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज जगभर तीच चालते. तिची पहिली गोळी फक्त मुक्त क्लोरीन दाखवते. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की तिच्यातलं आयोडाइड बांधलेल्या क्लोरीनलाही बोलतं करतं आणि एकूण आकडा येतो. आता तुमचे आकडे शेजारी ठेवा. मुक्त १.४, एकूण ३ च्या आसपास. दोन किट वेगळे, म्हणून वजाबाकी काटेकोर धरू नका, पण दीड पीपीएमच्या जवळपास क्लोरीन बांधलेलं आहे. ते ०.४ च्या वर गेलं की मी सावध होतो. नाकाला आला तो वास या क्लोरामाइनचाच, आणि डोळ्यांची चुरचुरही बहुतेक त्याचीच. स्वच्छ पाण्यात ३ पीपीएम मुक्त क्लोरीन असलं तरी काठावर उभं राहून वास येत नाही. 'वास मारतोय म्हणजे क्लोरीन कमी करा' हा सल्ला मी वीस वर्षं ऐकतोय, आणि तो बहुतेक वेळा उलटा असतो.

पुण्याच्या दुकानातल्या ०.४ बद्दल दुकानदाराला दोष देऊ नका. पाणी गाडीत चार तास उन्हातून गेलं, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत, अर्धी बाटली हवा. बाटली आधी कशाची होती कोण जाणे. सरबताची असेल तर आतल्या कणभर साखरेनंही क्लोरीन खाल्लं असणार. नमुना घेतल्यापासून पंधरा मिनिटांत तपासायचा, असा साधा दंडक आहे. कडकपणा, अल्कलिनिटी, स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन, त्याबद्दल पुढे) यांच्यासाठी बाटली पुण्याला खुशाल न्या, ती मापं प्रवासात फारशी हलत नाहीत. क्लोरीन काठावरच मोजायचं.

पट्ट्यांचं काय? पट्टी मी सरसकट वाईट म्हणत नाही. 'काहीतरी आहे का' हे कळायला ती चालते. पण तिच्या डबीवरच्या रंगांमध्ये १ नंतर थेट ३ आणि मग ५ अशा उड्या असतात. मधला रंग आला की माणूस मनाला येईल तो आकडा सांगतो, आणि बहुतेक वेळा मालकाला आवडेल तो. त्यात नागावची खारी दमट हवा. डबीचं झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं किंवा ओल्या बोटानं पट्टी काढली, की उरलेल्या पट्ट्या हळूहळू खोटं बोलायला लागतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि फोटोवरून रंग ठरवणं आजपासून बंद करा. फोनचा कॅमेरा सावली, ऊन, पिवळा दिवा बघून रंग आपल्या मर्जीनं 'सुधारतो'. माझ्याकडे एकाच पट्टीचे एका मिनिटात काढलेले दोन फोटो आहेत, एक व्हरांड्यातला आणि एक उन्हातला. दोन वेगळे पूल वाटतील.

मीटरचा आकडा दशांशात येतो म्हणून त्याला देव मानू नका. मीटर रंगाचा दाटपणा मोजतो. त्या रंगाआड काय काय आलंय हे त्याला कळत नाही. काचेच्या नळीवर बोटाचा ठसा, बाहेरून पाण्याचा थेंब, आत हवेचा बुडबुडा, जुनी ओरखडलेली नळी, यातल्या कशानंही आकडा हलतो. शून्य लावताना त्याच पूलचं, रसायन न टाकलेलं पाणी घ्यायचं आणि नळीवरची खूण दोन्ही वेळा एकाच बाजूला ठेवायची. मुक्त क्लोरीनचं रिडिंग मिनिटभरात घ्यायचं. तुम्ही फोनवर बोलत राहिलात तर बांधलेलं क्लोरीनही हळूहळू रंगात उतरतं आणि मुक्त फुगलेलं दिसतं. आणखी एक चूक आमच्याच धंद्यात सर्रास होते. आधीच्या बंगल्यावर तिसरी गोळी वापरलेली नळी नुसती झटकून पुढच्या बंगल्यावर वापरली, तर तिला चिकटलेलं आयोडाइड तुमच्या पूलचं बांधलेलं क्लोरीन मुक्त म्हणून दाखवतं. तुमच्या माणसाला विचारा, नळी किती वेळा विसळतो. बोअरचं पाणी भरत असाल आणि त्यात मँगनीज असेल तर तेही डीपीडीला गुलाबी करतं, मग क्लोरीन नसतानाही मीटर आकडा दाखवू शकतो.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती तुमच्याकडेही कधीतरी होणार. कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर मी डीपीडीचे थेंब टाकले आणि नळी पाण्यासारखी स्वच्छ. शून्य. मी हिशोब करून क्लोरीन घातलं. अर्ध्या तासानं पुन्हा शून्य. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा नळीकडे नीट बघितलं, तेव्हा थेंब पडताक्षणी गुलाबी झाक चमकून विझताना दिसली. दहाएक पीपीएमच्या वर क्लोरीन गेलं की ते डीपीडीचा रंगच धुऊन टाकतं. केअरटेकरनं आदल्या रात्री 'पाहुणे येणार' म्हणून मगभर पावडर ओतली होती आणि मला सांगायला विसरला होता. नंतर टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजत करायची चाचणी, केलं तर १० मिलिलिटर पाण्याला ४६ थेंब लागले, म्हणजे २३ पीपीएम. पाहुण्यांना दोन दिवस काठावर बसून पाय हलवावे लागले, आणि एका नव्या निळ्या स्विमसूटचा रंग उडाला, त्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून नियम केला: शून्य आलं की विश्वास ठेवण्याआधी एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा मोजायचं. त्यात गुलाबी आलं, तर तुमचं शून्य खोटं. मात्र अशा पातळ केलेल्या मापाला पाचनं गुणताना चूकही पाचपट होते, म्हणून त्याचा उपयोग फक्त 'खूप आहे' एवढं कळण्यापुरता. जाता जाता, असं क्लोरीन असताना पीएच मोजायचा रंग, फिनॉल रेड, तोही वेडावाकडा जांभळा होतो. तो रंग बघून अ‍ॅसिड ओतू नका.

वर टायट्रेशन म्हटलं, ते घरच्या पूलला मला सगळ्यात पटतं. नाव आहे एफएएस-डीपीडी. नळीत १० मिलिलिटर पाणी, त्यात डीपीडीची पावडर, पाणी गुलाबी होतं. मग फेरस अमोनियम सल्फेटचे थेंब एकेक टाकत, फिरवत जायचं, गुलाबी गेला की थांबायचं. एक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम. २५ मिलिलिटर घेतलं तर एक थेंब ०.२. इथे रंगाची छटा जुळवायची नसते, रंग आहे की गेला एवढंच बघायचं असतं. लाल-हिरव्यात गोंधळ असणाऱ्या माणसालाही ते सहसा जमतं, आणि असे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. वरच्या टोकालाही ही पद्धत दगा देत नाही. रंग लगेच विझला तर पावडर वाढवायची आणि मोजत राहायचं. आपल्याकडे किट थोडं महाग पडतं. पण तुमच्या ३७,००० लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला ३७ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे टीसीसीए साधारण ४१ ग्रॅम, ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपो (क्लोरीनची पावडर) ५७ ग्रॅम, किंवा १० टक्क्यांचं लिक्विड ३७० मिलिलिटर. चुकीच्या आकड्यावर वर्षभर केमिकल ओतलं तर किटचे पैसे केव्हाच निघतात.

अर्थात थेंबांनाही खोड्या आहेत. बाटली तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून सरळ उभी धरायची. कोरड्या फडक्यानं टोक पुसलं की स्थिर विजेमुळे थेंब लहान पडतात, जास्त लागतात, आणि क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं; ओल्या कपड्यानं पुसा. पाणी रेघेपर्यंत भरताना डोळा रेघेच्या पातळीत आणा, वरून वाकून बघू नका. नळी हलवताना तोंडावर अंगठा दाबू नका. अंगठ्यावरचा घामही क्लोरीन खातो.

तरी माझ्या मते कुठला किट घ्यावा हा प्रश्न दुय्यम आहे. आधी स्वतःच्या हाताचा फरक मोजा. हे मी प्रत्येक नव्या केअरटेकरकडून पहिल्या दिवशी करून घेतो. एक बादली घ्यायची, साबण न लागलेली, पूलच्याच पाण्यानं दोनदा विसळलेली. कोपरभर खोलीवरचं पाणी भरायचं, सावलीत ठेवायचं, आणि त्याच बादलीतून लागोपाठ पाच मापं घ्यायची. बादलीतलं क्लोरीन दहा-पंधरा मिनिटांत फारसं उतरत नाही, तेव्हा जो फरक दिसेल तो पाण्याचा नाही, हाताचा आणि किटचा. माझे थेंब येतात ५, ५, ६, ५, ५. एका नव्या मुलाचे आले ४, ७, ५, ६, ४. तो बाटली तिरकी धरत होता. सरळ धरायला लावली, दुसऱ्या फेरीत ५, ५, ५, ६, ५. मग त्याच बादलीत पाच पट्ट्या बुडवून बघा आणि दुसऱ्या माणसाला, तुमचा आकडा न सांगता, रंग वाचायला लावा. मी हे केलं तेव्हा एकाच बादलीला दोघांनी १ पासून ५ पर्यंत आकडे दिले.

या पाच मापांतून तुम्हाला तुमची 'गोधडी' कळते. माझा शब्द आहे, कुठल्या पुस्तकात नाही. तिच्या आत जे हलतं ते दिसत नाही. माझी गोधडी अर्धा पीपीएम. काल २.५ आणि आज ३ आलं, तर माझ्यासाठी काहीच बदललेलं नाही आणि मी काही घालत नाही. पट्टीवाल्याची गोधडी दोन पीपीएमची. तो १ आणि ३ यांतला फरक बघून रोज क्लोरीन कमी-जास्त करत असेल, तर तो पाणी सांभाळत नाहीये, आपल्याच डोळ्यांच्या मागे धावतोय. संध्याकाळी मोजून पहाटे पुन्हा मोजायचं, रात्रीतून १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर पाण्यात शेवाळ किंवा घाण आहे, अशी एक चांगली चाचणी आहे. पण दोन पीपीएमच्या गोधडीतून तिचा काही उपयोग नाही.

पाणी कुठून घेता यानंही आकडा बदलतो. तुमचा तरंगता डबा ज्या कोपऱ्यात अडकतो, तिथे क्लोरीन नेहमीच जास्त मिळेल. फिल्टरमधून पाणी परत येतं त्या नळापाशीही घेऊ नका, पृष्ठभागावरचंही नको, तिथे ऊन आणि तेलकटपणा. पंप निदान अर्धा तास चालू असावा, हात कोपरापर्यंत आत, नळी उलटी नेऊन खाली सरळ करायची. वेळही रोज तीच ठेवा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातलं क्लोरीन मे महिन्याच्या दुपारी दोन-तीन तासांत बरंचसं उडून जातं, मग सकाळी आठचा आणि दुपारी चारचा आकडा जुळणार कसा? आणि किट पंप रूममध्ये ठेवू नका. तिथली उष्णता आणि क्लोरीन-अ‍ॅसिडच्या वाफा रसायनं खलास करतात. डीपीडीचं द्रव तपकिरी झालं असेल तर फेकून द्या. (पंप रूमचा विषय निघालाच आहे तर: टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो कधीही एका डब्यात, एका मगानं हाताळू नका. आग लागते, स्फोट होतो.)

आता तुमच्या पूलचं खरं दुखणं. मीटरचा १.४ खरा धरला, तरी तो अर्धाच आकडा आहे. टीसीसीए विरघळताना क्लोरीनसोबत सायन्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, पाण्यात सोडतं. १ पीपीएम क्लोरीनमागे ०.६ पीपीएम. क्लोरीन उडून जातं, स्टॅबिलायझर उडत नाही. तुमच्या गोळ्या दिवसाला दीड पीपीएम देत असतील असं धरा, तर महिन्याला २७ पीपीएम साचतं. ऑक्टोबर ते मे, आठ महिने. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहानं धुताना, काही गेलं तरी आज तुमचा आकडा १०० च्या बराच वर असणार. उघड्या पूलला ३० ते ५० पुरेसं असतं. गंमत अशी, की स्टॅबिलायझरला चिकटलेलं क्लोरीनही डीपीडी मुक्त म्हणूनच मोजतं, कारण चाचणीत ते भराभर सुटत जातं. पट्टी, मीटर, थेंब, कुणालाच तो फरक दिसत नाही. तुमच्या १.४ मधलं त्या क्षणी खरोखर मोकळं, जंतू मारणारं हायपोक्लोरस अ‍ॅसिड पीपीएमच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असेल. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था पूलला किमान १ पीपीएम सांगते, पण स्टॅबिलायझर असेल तर किमान २; आणि ते साधारण प्रमाणात असेल तेव्हा. म्हणून जंतू मरत नाहीत, क्लोरामाइन मोडत नाही, आणि वास येतो.

स्टॅबिलायझरची चाचणी गढूळपणावर असते. पाणी दुधट होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. ही सगळ्यात ढिसाळ चाचणी. १५ पीपीएम इकडेतिकडे धरूनच चाला. पाठीवर ऊन आणि नळी आपल्या सावलीत अशी उभी रहा. नळीवरचे आकडे बहुतेक वेळा १०० ला संपतात, म्हणून अर्धं पूलचं आणि अर्धं नळाचं पाणी मिसळून मोजा आणि दुप्पट करा.

आकडा १०० च्या वर आला तर उपाय एकच, पाणी बदलणं. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. समुद्राजवळ भूजल वर असतं, आणि रिकामा हौद खालून उचलला जाऊन तडकलेला मी पाहिलाय. एकेक तृतीयांश बदला. गोळ्यांचा डबा आधीच काढून ठेवा, आणि पाणी वाडीत सोडायच्या आधी क्लोरीन शून्याला उतरू द्या, सुपारीला ते मानवत नाही. दोनदा एकेक तृतीयांश बदललं की स्टॅबिलायझर निम्म्याच्या खाली येतो. मग पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणून, गोळ्यांऐवजी लिक्विड क्लोरीननं बांधलेलं क्लोरीन मोडा, आणि ते ०.५ च्या खाली येईपर्यंत मुलांना उतरवू नका. जूननंतर कोकणचा पाऊस हे काम थोडंफार फुकटात करतो. तिकडे वर्षाला दोन मीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्या पूलच्या सरासरी खोलीपेक्षा जास्त. ओसंडून बरंच पाणी बदलतं. म्हणूनच मे महिन्यात चालणारं प्रमाण सप्टेंबरात चालत नाही, आणि लोकांना वाटतं किट बिघडलं.

केअरटेकरला बादलीचा प्रयोग तुम्ही समोर उभं राहून एकदा करायला लावा, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्याकडे पट्टीचा फोटो मागू नका. सकाळी आठला फोन करून विचारा, थेंब किती पडले.